गळ्यात बांधलेली कात्री

विहीणबाई, तुम्ही गेल्यावर पुण्यानुमोदनाला विहारात सगळे तुमच्याबद्दल गोड बोलले. शांत स्वभावाची बाई, कधी कुणाला दुखावलं नाही, कुणाला उलटून बोलली नाही. मी मागे भिंतीला टेकून ऐकत होते. मनात म्हटलं, ही कोण बाई? मला तर पहिल्याच भेटीत तुम्ही म्हणाला होतात, "तुमच्याकडे चहात साखर कमी घालायची पद्धत दिसते."

भन्तेजी मलाही म्हणाले, दोन शब्द बोला. मी उठले नाही. उभं राहून बोलायची मला सवय नाही, आणि आपल्यात जे झालं ते दोन शब्दांत बसणारं नाही. चौथीपर्यंत शाळा झाली आहे, लिहिता येतं. म्हणून लिहिते. वैशालीला वाचून दाखवलं आहे. तिची हरकत नाही.

माझा प्रदीप आणि तुमची वैशाली यांचं लग्न ठरलं त्या दिवसापासून आपलं भांडण सुरू झालं. मी अंबरनाथला बुवापाड्यात, तुम्ही बदलापूरला कुळगावात. फार लांब नाही. पण मी मुलाची आई आणि तुम्ही मुलीची. मुलाच्या आईने वर बसायचं, मुलीच्या आईने खाली. आपल्या माणसांनी धर्म बदलला, देव सोडले, उपास सोडले, पण ही रीत तेवढी कुणाला सोडवली नाही. लग्नात मला खुर्ची दिली आणि तुम्ही सतरंजीवर बसलात. खाली बसूनसुद्धा माझ्या साडीचा काठ चाचपून तुम्ही म्हणालात, "सुरतची वाटतं? टिकत नाहीत हो या." तेव्हाच मी ओळखलं की ही बाई खाली बसते, पण वाकत नाही.

बदलापूरला मोठा पूर आला, त्याच्या आदल्या वर्षी वैशालीला दिवस गेले. पाचव्या महिन्यापासून पोरगी बदलली. आधी काय बडबडी होती! नळावर गेली की हंडा भरून वाहायचा तरी हिचं बोलणं संपायचं नाही. ती गप्प झाली. दूध तापत ठेवून समोर उभी राहायची आणि दूध तिच्या डोळ्यांदेखत उतू जायचं. केस विंचरायची नाही. ताटात भात चिवडत बसायची. काय होतंय विचारलं तर, "काही नाही आई." आमच्या चाळीतली एक म्हणाली, "बाहेरचं लागलंय, भगताकडे न्या." मी म्हटलं, "आमच्यात भगत नाही. तुझा तुलाच लखलाभ."

डोहाळजेवणाला तुम्ही हिरवी साडी घेऊन आलात. स्वयंपाकघरात मी तुम्हाला बाजूला घेतलं. म्हटलं, "पोरगी बोलत नाही. झोपत नाही. मला हे बरं दिसत नाही."

तुम्ही पोळीवर तूप सोडत होतात. मान वर न करता म्हणालात, "तुमच्या घरात बोलायला आहे कोण? जावईबापू कंपनीत. आणि तुम्ही जे बोलता त्याला लोक बोलणं म्हणत नाहीत."

मला राग आला आणि हसूही आलं. त्या दोन्हींत मुद्दा राहून गेला. पहिलं बाळंतपण माहेरी, याला कोण नाही म्हणणार? तुम्ही तिला घेऊन गेलात.

सम्यक झाला. बारशाला मी आले तेव्हा तुम्ही घर असं लावून ठेवलं होतं की फोटोवाला यायचा बाकी होता. वैशालीला पावडर लावलेली, वेणीत गजरा, मांडीवर पोर. मी विचारलं, "कशी आहेस गं?"

"चांगली आहे ना," तुम्ही म्हणालात.

"जेवण जातंय का?"

"जातंय तर. सकाळी दोन भाकऱ्या खाल्ल्या."

"दूध येतंय का अंगावर?"

"भरपूर."

मी म्हटलं, "विहीणबाई, मी तिला विचारतेय." तुम्ही म्हणालात, "बाळंतिणीने जास्त बोलू नये, वारा जातो पोटात." सगळ्या बायका हसल्या. वैशाली हसली नाही. तिच्या मांडीवर पोर होतं, पण हात तिने बाजूला ठेवले होते, जसं कुणी दुसऱ्याचं सामान सांभाळायला दिलंय. प्रदीप रविवारी यायचा तेव्हा त्यालाही तुम्ही हाच देखावा दाखवत होतात. तो घरी येऊन म्हणायचा, "मस्त आहे सगळं." पुरुषाला पावडर दिसते.

मग एकदा मी न कळवता आले. मुलाच्या आईने असं यायचं नसतं, निरोप धाडायचा असतो. मी मुद्दामच धाडला नाही.

तुम्ही पुढच्या खोलीत जीन्सच्या गठ्ठ्यात बसला होतात. उल्हासनगरच्या कारखान्यातून पँटी आणून धागे कापायचं तुमचं काम. घरभर निळा भुसा, तुमची नखंही निळी. सम्यक मांडीवर, त्याच्या तोंडात बाटली, आणि एका हाताने तुमचं धागे कापणं चालू. मला बघून तुम्ही पहिल्यांदा पदर डोक्यावर घेतलात आणि मग आतल्या दाराकडे बघितलंत. तुमची ती नजर मी विसरले नाही. चोर पकडला गेला की तो माल कुठे आहे तिकडेच बघतो.

वैशाली आत भिंतीकडे तोंड करून पडली होती. केसांच्या जटा झाल्या होत्या. मी पाठीवर हात ठेवला तर वळली. म्हणाली, "आई, बाळाला घेऊन जा. माझ्याने होत नाही. तो रडतो तर मला वाटतं मी नसलेलीच बरी." रडत नव्हती. साधं, भाजी आणायची आहे असं सांगावं तसं सांगितलं. मी आयुष्यात पुष्कळ रडणाऱ्या बायका बघितल्या, त्यांची मला भीती वाटत नाही. त्या न रडण्याची वाटली.

मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. तिथे स्टो होता आणि रॉकेलचा डबा नव्हता. मोरीवरची दोरी काढलेली होती, ओले कपडे खिडकीच्या गजाला लावलेले. भाजी चिरायची विळी फळीवर अगदी वर, पोत्यात गुंडाळून. मी बाहेर आले आणि तुमच्याकडे नीट बघितलं. धागे कापायची ती छोटी कात्री तुम्ही सुतळीने गळ्यात बांधली होती. मंगळसूत्र असावं तशी.

"कात्री गळ्यात का बांधली?" मी विचारलं.

"हाताशी असते. काम पटापट होतं."

"अंघोळीला जाताना काढता का?"

तुम्ही कात्री पदराखाली घेतलीत.

"झोपताना?"

तेव्हा तुम्ही सम्यकला खाली ठेवलंत आणि माझे पाय धरलेत. विहीणबाई, मला पायाला हात लावलेला आवडत नाही, हे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही म्हणालात, "तिला वेडी ठरवू नका. प्रदीपला सांगू नका. मी बरी करते तिला, मला थोडा वेळ द्या. मी डोळ्याला डोळा लावत नाही, काही होऊ देणार नाही." आणि मग एकदम, "फारकत देणार का तुम्ही?"

आजही लिहिताना मला याचं नवल वाटतं. पोरगी स्वतःच्या जिवावर उठली होती, आणि ते तुम्हाला माझ्याआधी, सगळ्यांआधी कळलं होतं. घरातली दोरी न दोरी तुम्ही लपवली. पण सगळ्यात जास्त लपवलंत ते माझ्यापासून, कारण मी मुलाची आई. जिच्याकडून मदत मागायची तिलाच पावडर लावून दाखवलंत. ही चूक आपल्याकडेच होते. मुलीचं दुखणं सासरी कळता कामा नये, मग मुलगी राहो न राहो.

मी म्हटलं, "फारकतीचं मागाहून बघू. आधी चपला घाला."

उल्हासनगरच्या सरकारी दवाखान्यात डोक्याच्या आजाराचे डॉक्टर ठरलेल्या वारी यायचे. त्या दिवशी त्यांचा वार नव्हता, म्हणून पुढच्या वारी आपण तिला घेऊन गेलो. प्रदीपला मी आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. त्याने रजा टाकली आणि सम्यकला घेऊन बाहेर झाडाखाली उभा राहिला. आत डॉक्टरांनी वैशालीला विचारलं, झोप लागते का? तुम्ही म्हणालात, लागते. भूक? लागते. मनात काही वाईट विचार? "छे हो, आमच्या घरात तसं काही नाही." डॉक्टर चष्म्यातून बघून म्हणाले, "आजी, तुम्ही दोघी जरा बाहेर बसा." मी तर तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. तुमच्यामुळे मलाही बाहेर काढलं.

बाकावर एक सिंधी बाई होती. तिने विचारलं, "क्या हुआ अम्मा, किसको दिखाने लाई?"

तुम्ही म्हणालात, "बेटी के पेट में दर्द है."

"दिमाग के डॉक्टर के पास पेट का दर्द?"

मी म्हटलं, "पेटच से चालू हुआ." ती बाई जी हसली, तिच्या मांडीवरची पिशवी पडली. मग तीच म्हणाली, "मेरी बहू को भी हुआ था. बच्चा हुआ, रोती ही रहती थी. गोली खाई, टाइम लगा, अब दुकान पे बैठती है." तुम्ही दुसरीकडे तोंड केलंत. पण कान इकडेच होते.

डॉक्टरांनी नंतर आपल्याला आत बोलावून सांगितलं. हा आजार आहे, वेड नाही. पोटुशी असताना किंवा बाळंतपणानंतर कितीतरी बायकांना होतो. तिचा दोष नाही, तुमचाही नाही. औषध द्या, झोपू द्या, एकटं ठेवू नका, आणि ती काही बोलली तर गप्प करू नका. ते शेवटचं वाक्य ते तुमच्याकडे बघून बोलले. बाहेर आल्यावर तुम्ही मला म्हणालात, "झालं तुमच्या मनासारखं? मारला शिक्का पोरीवर?" आणि अख्ख्या वाटेत माझ्याशी बोलला नाहीत. गोळ्यांची पुडी मात्र कमरेला खोचून घेतलीत.

ती लगेच बरी झाली नाही. गोळ्यांनी आधी तिला नुसती झोप आली. मी एक दिवसाआड येत होते. तुम्ही मला चहा द्यायचात, साखर भरपूर घालून, आणि बोलायचं नाही. मग एके दुपारी सम्यकच्या टाळूवर तेल किती घालायचं यावरून आपण भांडायला लागलो. तुम्ही वाटी रिकामी करत होतात आणि मी म्हणत होते, पोर आहे का भजी आहे? तुमचा आवाज चढला, माझाही चढला. आतून वैशाली म्हणाली, "तुम्ही दोघी बाहेर जाऊन भांडा ना. तो आत्ता डोळे मिटतोय."

किती दिवसांनी ती कुणावर तरी वैतागली होती. तुम्ही पदर तोंडाला लावलात. मी चहा ठेवायला उठले, कारण मला तिथे बसून काय करायचं ते सुचेना.

पुढे ती बरी झाली. घरी आली, नळावर बोलायला लागली, सम्यकला धपाटे घालायला लागली. आणि आपला वाद जन्माचा होऊन बसला. तुम्ही म्हणायचात, माझ्या हळिवाच्या खिरीने आणि मालिशीने पोर उठली. मी म्हणायचे, गोळ्यांनी. तुम्ही म्हणायचात, गोळ्या काय, खडूच्या असतात. मी म्हणायचे, मग खीर घालायची होती ना आधीच, कात्री कशाला गळ्यात घातली? प्रत्येक सणाला, प्रत्येक लग्नात हेच. प्रदीप म्हणायचा, तुम्हा दोघींना टीव्हीवर न्यायला पाहिजे.

या वर्षी वैशालीला पुन्हा दिवस राहिले. आधी डॉक्टरांना विचारून, त्यांनी सांगितलं तसं करून. आपण दोघी झबल्यांचं कापड घ्यायला उल्हासनगरला कॅम्प एकच्या बाजारात गेलो होतो. उन्हातून फिरून पाय गेले तेव्हा गाडीवर दाल-पकवान घेऊन बसलो. पकवान मोडता मोडता तुम्ही म्हणालात, "मलाही झालं होतं ते."

मी विचारलं, "काय?"

"तेच. आमच्या संतोषच्या वेळी. सासू म्हणाली, हिला बाहेरचं लागलंय, पोराला धोका आहे. मला माहेरी पाठवलं आणि संतोषला ठेवून घेतलं. अंगावर पिणारं पोर. वर्षाने मला परत नेलं, तर तो मला बघून सासूच्या मागे लपला."

गाडीवाला मध्येच विचारून गेला, और दाल चाहिए? तुम्ही वाटी पुढे केलीत.

मी म्हटलं, "हे मला तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तुम्हाला? तुम्ही तर सासू."

पुढे विचारायला हवं होतं असं लोक म्हणतील. मला नाही तसं वाटत. तुम्हाला जेवढं सांगायचं होतं तेवढं तुम्ही सांगितलंत आणि डाळ संपवलीत. पण त्या दिवसापासून मला तुमचं ते पाय धरणं वेगळं दिसायला लागलं. तुम्ही माझे पाय धरले नव्हते. तुम्ही तुमच्या सासूचे धरले होते, इतक्या वर्षांनी.

त्याने आपलं भांडण मिटलं नाही. उलट सातवा लागल्यावर मोठं झालं. तुमचा हट्ट, दुसरं बाळंतपणही कुळगावातच. दुसरं सासरी करतात, पण तुम्हाला या वेळी सगळं नीट करून दाखवायचं होतं. मी म्हटलं, नाही, या वेळी माझ्या डोळ्यांसमोर. तुमच्यावर भरवसा नव्हता असं नाही. तुम्ही पुन्हा पावडर लावाल ही भीती होती. फोनवर आपण किती वेळ भांडलो. शेवटी तुम्ही म्हणालात, "एवढी हौस असेल ना विहीणबाई, तर उचला गाठोडं आणि तुम्हीच या माझ्या घरी बाळंतपण करायला!" आणि फोन आपटलात.

त्याच आठवड्यात तुम्ही गेलात. संतोषचा फोन आला तेव्हा मी तुम्हाला काय उत्तर द्यायचं ते जुळवत होते.

तुमच्यामागे वैशाली म्हणाली, "आई, मी कुळगावलाच जाणार. मम्मीच्या घरात." तिथे आता बाईमाणूस नाही, संतोषचं अजून लग्न नाही. प्रदीप म्हणाला, कशाला उगाच, दगदग होईल. मी वैशालीकडे बघितलं. ती मागत होती, हट्ट करत होती, आणि जोवर ती मागते तोवर ठीक आहे एवढं मला कळतं. मी गाठोडं बांधलं.

तर विहीणबाई, मी तुमच्या घरी आहे. बाळ अजून व्हायचं आहे. मुलाची आई, व्याह्यांच्या घरी बाळंतपण करायला. शेजारची म्हातारी दारात उभी राहून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाली, "अगो बाय, सासूच बालतपान कराला आयली! काय जमाना आयला!" मी म्हटलं, "जमाना गेला खड्ड्यात. तुमच्याकडे मोठं पातेलं आहे का, ते द्या." दुसऱ्या दिवशी ती पातेलं घेऊन आली आणि बसली तासभर. तुमच्या घरात जमिनीच्या भेगांत अजून निळा भुसा निघतो. मी झाडते, परत निघतो.

एक गोष्ट मी तुम्हाला कधी बोलले नाही, ती आता लिहून टाकते. गोळ्या की खीर, तो वाद मी सोडलेला नाही. गोळ्याच. पण त्या गोळ्यांपर्यंत पोरगी जिवंत पोचली ती तुमच्यामुळे. तुम्ही लपवलंत ते चुकलं, आणि जागलात ते कुणाला जमलं नसतं. मला नसतं जमलं. मला लवकर झोप येते.

काल तुमच्या शेजारपाजारच्या बायका वैशालीला भेटायला आल्या होत्या. आधी तुमच्या आठवणी निघाल्या. मग एकीने विचारलं, "तू कशी आहेस गं पोरी?"

मी तिच्या बाजूलाच बसले होते. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. चांगली आहे, जेवते, झोपते. अर्धा शब्द बाहेरही पडला होता.

वैशालीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "बरी नाहीये काकी. मम्मी गेली त्याचं आहेच. पण परवापासून मला मागच्यासारखं वाटायला लागलंय. सकाळी उठावंसं वाटत नाही. आई, डॉक्टरांकडे जायचं का?"

कुणाला वाटलं असेल, सगळ्यांसमोर हे काय. विहीणबाई, तुमची लेक सगळ्यांसमोर, आपल्या तोंडाने, सासूला सांगत होती.

मी म्हटलं, "जायचं ना." आणि चपला घालून रिक्षा बघायला बाहेर पडले.